‘कट्यारी’चे श्रोते आणि श्रोत्यांची मते

संगीताच्या समीक्षेत श्रोत्याच्या मताला कोणते स्थान द्यावे, हा प्रश्न आपल्याकडे वारंवार उपस्थित होतो आणि वारंवार अर्ध्यावर सोडला जातो. पंडितांचा एक पक्ष असे मानतो की, ज्याला रागाचे नाव सांगता येत नाही त्याच्या मताला मोल नाही. दुसरा पक्ष असे मानतो की, कला लोकांसाठी असते, म्हणून लोक म्हणतील तेच खरे. आमच्या मते हे दोन्ही पक्ष एकच चूक करतात. मत कोणाचे आहे एवढेच ते पाहतात. त्या मतात काय आहे हे पाहत नाहीत. श्रोत्याचे मत म्हणजे निर्णय नव्हे, ती साक्ष असते. आणि साक्ष जशी तपासून घ्यावी लागते तसे मतही तपासून घ्यावे लागते. हे एका उदाहरणाने स्पष्ट करावे असा या लेखाचा हेतू आहे.

उदाहरण निवडताना आमच्या डोळ्यांसमोर गोमंतकाच्या उत्तर सीमेवरील श्रोता आहे. डिचोली तालुक्यातील लाटंबार्से हे गाव दोडामार्गाच्या सीमेला लागून आहे. या पट्ट्यातील श्रोता नाट्यगृहाची तिकिटे काढून तयार झालेला नाही. देवळाच्या उत्सवात गावकऱ्यांनीच बसवलेले संगीत नाटक, मंडपातील भजन आणि रात्र जागवणारा दशावतार यांनी त्याचा कान घडवला आहे. याच तालुक्यातील साखळी हे रामदास कामतांचे जन्मगाव. आणि कामतांच्या गळ्याला ज्यांनी नवी पदे दिली ते जितेंद्र अभिषेकी मंगेशीचे. तेव्हा नाट्यपदाविषयी या मुलखातील माणूस बोलतो तेव्हा तो परक्या वस्तूविषयी बोलत नसतो. त्याचे मत ऐकून घेण्याचे हे पहिले कारण.

आमचे उदाहरण आहे ‘कट्यार काळजात घुसली’. पुरुषोत्तम दारव्हेकरांचे हे नाटक डिसेंबर १९६७ मध्ये रंगभूमीवर आले. त्याच वर्षी जुलैत बालगंधर्वांचे निधन झाले होते. एक युग संपावे आणि त्याच वर्षाच्या अखेरीस दुसऱ्याची खूण पटावी, असा तो योग होता. अभिषेकींनी त्यापूर्वी ‘मत्स्यगंधा’ (१९६४) आणि ‘ययाति आणि देवयानी’ (१९६६) या नाटकांना संगीत देऊन पदाचा घाट बदलला होता. गंधर्वकाळातील रसिकाला पदाचा विस्तार हवा असे. ‘वन्स मोअर’ घेत नाटक उत्तररात्रीपर्यंत चालले तरी त्याची तक्रार नसे. अभिषेकींनी पद आटोपशीर केले, प्रसंगाशी जखडले आणि अनवट रागांना रंगभूमीचे दार उघडून दिले. काहींना यात नाट्यसंगीताचा पुनर्जन्म दिसला, तर काहींना गाणे आखडल्यासारखे वाटले.

पुढे १२ नोव्हेंबर २०१५ रोजी सुबोध भावे दिग्दर्शित चित्रपट प्रदर्शित झाला. त्यात नाटकातील काही पदे राखली गेली आणि शंकर-एहसान-लॉय या त्रयीने नवी गीते रचली. पंडितजींची भूमिका व गायन शंकर महादेवन यांचे; खाँसाहेबांना स्वर दिला वसंतराव देशपांड्यांचे नातू राहुल देशपांडे यांनी; सदाशिवाला दिला अभिषेकींचे शिष्य महेश काळे यांनी, आणि त्यातील एका गीतासाठी काळे यांना राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. गीतांची ध्वनिमुद्रिका घरोघरी पोचली आणि श्रोत्यांत तट पडले. ‘वसंतरावांची सर नाही’, ‘नव्या पिढीला नाट्यसंगीत कळले ते यामुळेच’, ‘वाद्यांचा गलबला फार’, ‘तयारी आहे, पण काळजाला भिडत नाही’, ‘नातवाच्या गळ्यात आजोबा बोलतात’ — या चारपाच वाक्यांभोवतीच बहुतेक मते फिरत राहिली. ही वाक्ये आता एकेक करून पाहू.

‘पूर्वीचेच बरे होते’ हे मत सर्वांत जुने. अभिनवगुप्ताने रसास्वादात येणारी सात विघ्ने सांगितली आहेत. त्यांपैकी एक निजसुखादिविवशीभाव, म्हणजे स्वतःच्या सुखदुःखाच्या आहारी जाणे. ज्याने वसंतरावांचे पद ऐन तारुण्यात ऐकले त्याला ते पद आणि ते तारुण्य वेगळे करता येत नाही. नवे पद ऐकताना तो आपला हरवलेला काळ मागत असतो, आणि तो देणे कोणत्याही गायकाला शक्य नसते. परंतु एवढ्यावरून हे मत बाजूला सारणे अन्यायाचे होईल. हाच श्रोता कधीकधी पुढे जाऊन म्हणतो, ‘वसंतरावांची तान कोठून निघेल याचा अंदाजच लागत नसे, येथे ती आधीच ओळखू येते.’ या वाक्याबरोबर तो आठवणीच्या राज्यातून बाहेर पडला. आता त्याने कलाकृतीतील एका जागेवर बोट ठेवले आहे. ही जागा आपल्याला ऐकता येते, तपासता येते, तिच्याशी वाद घालता येतो. पहिले वाक्य वक्त्याविषयी सांगते, दुसरे गाण्याविषयी. समीक्षेला उपयोगी पडते ते दुसरे.

‘तयारी आहे, पण भाव नाही’ हे दुसरे मत अधिक विचार करण्याजोगे आहे, कारण ते जगभर आढळते. पाश्चात्त्य संगीतात ‘प्रोग्रेसिव्ह मेटल’ या नावाचा एक संप्रदाय आहे. विद्युत-गिटारींचा कर्कश नाद, दीर्घ रचना आणि सतत पालटणारी लय ही त्याची लक्षणे. बॉस्टनच्या बर्कली संगीत महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी १९८५ मध्ये स्थापन केलेला ‘ड्रीम थिएटर’ हा त्यातील अग्रगण्य वृंद. त्यांनी १९९९ मध्ये एक संपूर्ण कथा अंकांत आणि प्रवेशांत विभागून एकाच ध्वनिमुद्रिकेत मांडली. वस्तुतः ते न दिसणारे संगीत नाटकच होते. त्या वृंदाच्या श्रोत्यांतही नेमके हेच तट आहेत: एकाला त्यांचे कौशल्य थक्क करते, तर दुसऱ्याला ते कसरत वाटते. तिसऱ्याला पूर्वीचीच मुद्रिका बरी वाटते. हवामान, भाषा, वाद्ये सगळे वेगळे. मते मात्र तीच.

या साम्यावरून आम्ही असे अनुमान काढतो की, ‘भाव नाही’ हे विधान पुष्कळदा कलाकृतीचे वर्णन नसून श्रोत्याच्या सवयीचे वर्णन असते. सात मात्रांची रचना पाश्चात्त्य श्रोत्याला अवघड वाटते आणि अवघडपणालाच तो कोरडेपणा समजतो. आमच्याकडे सात मात्रांचा रूपक, दहांचा झप, चौदांची दीपचंदी यांची ओळख भजनाला बसणाऱ्या माणसाला शाळेत जाण्यापूर्वीच झालेली असते. त्याला त्यात कसरत दिसत नाही. उलट त्या वृंदाची विद्युत-गिटार त्याला गोंगाट वाटेल, आणि तेथील तरुण त्याच नादावर डोळे मिटून डोलेल. भाव स्वरात असतो हे खरे. पण तो उघडून दाखवणारी किल्ली कानाच्या सवयीत असते.

अर्थात, सर्वच सवयीवर ढकलून मोकळे होता येणार नाही. तयारी आणि भाव यांतील भेद हा तर ‘कट्यारी’च्या कथेचाच गाभा आहे. दरबारातील स्पर्धेत पंडितजींची हार होते. राजगायकपद आणि त्याबरोबर एक खून माफ असलेली कट्यार खाँसाहेबांच्या हाती जाते. निर्णय लागतो, टाळ्या पडतात, आणि नाटकाचा पुढचा सारा भाग त्या निर्णयाचे पोकळपण दाखवण्यात खर्ची पडतो. विद्या आणि कला यांतील अंतर खाँसाहेबांना सदाशिवाच्या निमित्ताने उमगत जाते. ज्या नाटकात दरबाराचे मत असे उघडे पडते, त्याच्याविषयी आपण मते देताना दरबारासारखे वागावे, यात मोठाच विरोध आहे.

मग चित्रपटाच्या ध्वनिमुद्रिकेविषयी आमचे मत काय? ते आम्ही एका पदाच्या आधारे देतो. नाटकात ‘घेई छंद’ हे पद दोन चालींत येते. एक चाल धानी रागातली, प्रसाद सावकारांनी गायिलेली. दुसरी सालगवराळीतली, वसंतरावांनी गायिलेली. शब्द तेच, पण धानीत ऋषभ-धैवतांना जवळजवळ मज्जाव असल्यामुळे स्वरांमध्ये मोकळी जागा राहते आणि पद प्रसन्न, सरळ चालीने पुढे जाते. सालगवराळीत मध्यम वर्ज्य, ऋषभ-गंधार कोमल. गंधाराहून थेट पंचमावर उडी घ्यावी लागते आणि तीच शब्दांत एक अस्वस्थ आर्जव भरते. दोन घराण्यांचा कलह संवादांत सांगण्यापूर्वी तो श्रोत्याच्या कानात पोचतो. ऑर्गन आणि तबला एवढ्याच साथीमुळे हा भेद लख्ख ऐकू येई. चित्रपटाने दोन्ही चाली राखल्या, याबद्दल त्याचे ऋण मानले पाहिजे. नव्या गीतांत मात्र वाद्यमेळ इतका भरघोस आहे की, पंडितजींचे गाणे कोणते आणि खाँसाहेबांचे कोणते हे गळ्यावरून ओळखता आले तरी गायकीवरून ओळखणे कठीण जाते. ‘वाद्यांचा गलबला फार’ ही तक्रार म्हणूनच आम्हांस केवळ जुन्या कानांची कुरकुर वाटत नाही. तक्रार करणाऱ्याला कारण सांगता आले नसेल. कारण मात्र होते. त्याचबरोबर ‘नव्या पिढीला नाट्यसंगीत कळले ते यामुळेच’ हेही खरे आहे. फक्त ते गाण्याच्या परिणामाविषयीचे विधान आहे, गुणाविषयीचे नव्हे. दोन्हींची गल्लत केली म्हणजे वाद कधीच संपत नाही.

ही चर्चा आम्ही अकादमीच्या सभासदांपुढे आणि विशेषतः शिक्षकांपुढे ठेवतो याला कारण आहे. आज मत देण्याची साधने वाढली आणि मत आखूड झाले. पाचांपैकी किती तारे, दोन गायकांत श्रेष्ठ कोण, एवढ्यावर श्रोता थांबू लागला आहे. शहरात याने फारसे बिघडत नाही. तेथे गाणारे वेगळे आणि ऐकणारे वेगळे. परंतु जेथे आज ऐकणाराच उद्या उत्सवाच्या मंडपात तोंडाला रंग लावून उभा राहतो, तेथे ऐकण्याची बारकाई गेली की गाण्याचीही जाते. सावकारांची चाल आणि वसंतरावांची चाल यांतील फरक ज्याला सांगता येत नाही, तो दोन्ही चाली एकाच सुरावटीत मिसळून गाईल, आणि समोर बसलेल्यांनाही ते खटकणार नाही. परंपरा बंदी घातल्याने मरत नाही, अशा न खटकण्याने मरते.

यावर उपाय अवघड नाही. निबंधाच्या तासाला ‘माझे आवडते गाणे’ हा विषय देण्याऐवजी शिक्षकांनी हे एकच पद दोन्ही चालींत ऐकवावे आणि मुलांना विचारावे: चाल कोणत्या शब्दावर वळली? श्वास कोठे घेतला? साथीदार कोठे थांबले? रागाचे नाव विचारू नये. ते मागाहून सांगता येते. कोणते पद श्रेष्ठ हेही विचारू नये. ज्या मुलाला तीन जागा दाखवता येतील, त्याला आवड-नावड सांगण्याचा अधिकार आपोआप प्राप्त होईल, आणि त्याचे मत, मग ते आमच्या मताच्या उलट का असेना, आम्ही आदराने ऐकू.