मारुती परतला, पण कोणासाठी?

नाशिकहून त्र्यंबकेश्वरकडे जाताना अंजनेरीचा डोंगर लागतो. हनुमंताचा जन्म तेथे झाला अशी या भागातील लोकांची श्रद्धा आहे. त्याच त्र्यंबकात १८७० साली जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांनी १९१७ साली ‘लंका दहन’ काढला आणि पडद्यावर मारुतीला आकाशात उडविले. फाळके यांना चित्रपटाची पहिली ओढ लागली ती मुंबईत प्रभू ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट पाहून, हे आपल्या वाचकांनी अनेकदा ऐकले असेल. तो पडदा पाहताना आपली दैवते तेथे दिसावीत असे त्यांना वाटले. पुढे आगकाड्या हलवून त्यांनी चलच्चित्राचा खेळही करून पाहिला होता. तेव्हा हनुमंताच्या ॲनिमेशनपटाविषयी एका ख्रिस्ती धर्मगुरूने चार शब्द लिहिले, तर नाशिककरांना त्यात फारसे आश्चर्य वाटू नये.

व्ही. जी. सामंत यांचा ‘हनुमान’ २००५ साली प्रदर्शित झाला, तेव्हा पुष्कळ घरांतील मुलांनी तो पाहिला. त्याची रेखाटने परदेशी चित्रपटांइतकी सफाईदार नव्हती. परंतु त्यात एक गोष्ट होती, आणि ती नीट सांगितलेली होती. सूर्याला फळ समजून झेपावणारा खोडकर बालक ऋषींच्या शापाने आपली शक्ती विसरतो आणि पुढे समुद्रकाठी जांबवंताने आठवण करून दिल्यावर उठून उभा राहतो. आपल्यात काय आहे हे दुसऱ्याने प्रेमाने सांगावे लागते, हे मुलांना न शिकविता कळत होते. चित्रपटास यश लाभले ते केवळ नावीन्यामुळे नव्हे.

यशामागून दुसरा भाग आला. २८ डिसेंबर २००७ रोजी, नाताळच्या सुट्टीत, ‘रिटर्न ऑफ हनुमान’ प्रदर्शित झाला. दिग्दर्शक अनुराग कश्यप. त्याच वर्षी ‘ब्लॅक फ्रायडे’सारखा करडा चित्रपट प्रेक्षकांपुढे आणणाऱ्या माणसाने मुलांसाठी विनोदी चित्रपट करावा, याचे मला कौतुकच वाटले होते. त्यामुळे अपेक्षाही अधिक होती.

आरंभ उत्तम आहे. स्वर्गात कंटाळलेला हनुमान ब्रह्मदेवाकडून परवानगी मिळवितो आणि पृथ्वीवर मानवी बालक होऊन येतो. गावात मिंकू नावाचा एक दुबळा मुलगा आहे. शाळेतील दांडगट मुले त्याला छळतात, आणि मारुती त्याचा सोबती होतो. येथे खरी गोष्ट सुरू होऊ शकली असती. वर्गात एकटे पडलेले मूल कोणत्या धर्मग्रामात नाही? अशा मुलाला प्रार्थना ऐकली जाते का, असा प्रश्न पडतोच. धर्मशिक्षणाच्या वर्गात मला तो विचारला गेला आहे, आणि त्याचे सोपे उत्तर माझ्यापाशी नव्हते.

चित्रपटाला मात्र त्या प्रश्नाजवळ थांबायचे नाही. मिंकूचे दुःख ठोशांनी संपते. मग कथा राहू-केतू आणि राक्षसांच्या लढाईकडे वळते, आणि मधूनमधून हिंदी चित्रपटांची विडंबने येतात. ती ओळखून मोठी माणसे हसतात; लहानांना ती कळत नाहीत आणि ती आपापसात बोलू लागतात. पृथ्वीच्या प्रदूषणाचा विषयही येतो, पण तो पाटीवर लिहिलेल्या सुविचारासारखा.

देवांची थट्टा केली म्हणून मी हा चित्रपट नापसंत करतो आहे, असे कृपया कोणी समजू नये. आपल्या महाराष्ट्रात गौळणीतला पेंद्या कृष्णासमोर काय काय बोलतो! ती थट्टा जवळच्या माणसाची असते. तिच्यामागे माया असते. येथे स्वर्ग म्हणजे एखादी कचेरी आणि देव म्हणजे तिथले विनोदी कर्मचारी. त्या हसण्यात ना भक्ती आहे, ना बंड. माझी तक्रार एवढीच आहे. (आपल्याकडील काही नाताळ-नाट्यांतल्या मेंढपाळांविषयीही मला हेच म्हणायचे असते, पण लेखकांचे चेहरे पाहून मी गप्प बसतो.)

चित्रांविषयी थोडे. मारुतीचा गुबगुबीत चेहरा गोड आहे, आणि लढाईच्या प्रसंगांत गती आहे. पण यंत्राला गती देता येते. थांबणे चित्रकारालाच सुचावे लागते. मिंकू एकटा बसलेला आहे आणि पडद्यावर क्षणभर काही घडत नाही, असे मला एकदाही दिसले नाही.

सुट्टीत आमच्या सभागृहात दोन्ही भाग ओळीने दाखविले. दुसरा भाग संपल्यावर सात-आठ वर्षांच्या एका मुलीने विचारले, “फादर, मारुती गेल्यावर मिंकूला पुन्हा मारतील का?” मी कॅटेकिस्ट बाईंकडे पाहिले आणि त्यांनी माझ्याकडे. पुढच्या रविवारी मुलांनी पहिल्या भागाची तबकडी पुन्हा मागून नेली. दुसरी अजून कपाटातच आहे.