अंतःस्रावी व मज्जासंस्थेच्या विकारांवरील औषधांची मात्रागणना : पाठ्यपुस्तकीय मांडणीची चिकित्सा

प्रस्तावना :

परिचर्या हे सेवेचे शास्त्र आहे, तसेच ते अचूकतेचेही शास्त्र आहे. डॉक्टरांनी लिहून दिलेले औषध रुग्णापर्यंत पोहोचते ते बहुधा परिचारिकेच्या हातून. त्या क्षणी चूक लक्षात आली नाही, तर पुढे ती अडविणारे कोणीही नसते. जागतिक आरोग्य संघटनेने औषधोपचारातील टाळता येण्याजोगी हानी कमी करण्यासाठी २०१७ मध्ये जागतिक मोहीम हाती घेतली, त्यामागे हीच जाणीव होती. भारतीय परिचर्या परिषदेच्या २०२१ च्या सुधारित बी.एस्सी. नर्सिंग अभ्यासक्रमात औषधशास्त्राला दोन सत्रांत स्थान मिळाले. या पार्श्वभूमीवर मात्रागणना पाठ्यपुस्तकांत कशी शिकविली जाते, याची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे.

सूत्राचे सामर्थ्य आणि मौन :

प्रचलित पाठ्यपुस्तकांत मात्रागणनेचे स्वतंत्र प्रकरण असते. हवी असलेली मात्रा भागिले उपलब्ध मात्रा, गुणिले द्रवाचे आकारमान, हे सूत्र त्याचा कणा होय. हे सूत्र सोपे आहे, स्मरणात राहते आणि परीक्षेत तपासणेही सुलभ जाते. परंतु औषधांची माहिती एका प्रकरणात आणि गणिते दुसऱ्या प्रकरणात, अशी विभागणी झाल्याने विद्यार्थिनीच्या मनात औषध आणि आकडा यांची फारकत होते. समोरचे औषध कोणते, याविषयी सूत्र मौन बाळगते. अंतःस्रावी आणि मज्जासंस्थेच्या औषधांत हे मौन विशेष धोकादायक ठरते.

अंतःस्रावी औषधे :

इन्सुलिनचा शोध १९२१ मध्ये टोरांटो येथे लागला. सुरुवातीच्या काळात त्याचे युनिट सशाच्या रक्तशर्करेतील घटीवरून ठरविले जाई. म्हणजे युनिट हे मूलतः परिणामाचे माप आहे, आकारमानाचे नव्हे. अमेरिकन पाठ्यपुस्तकांतील उदाहरणे बहुतांशी १ मि.लि. मध्ये १०० युनिट असे गृहीत धरतात. भारतातील वॉर्डात मात्र १ मि.लि. मध्ये ४० युनिट असलेली बाटली आणि १०० युनिटचे कार्ट्रिज, दोन्ही वापरात आहेत. लाल टोपणाची सिरिंज ४० साठी व नारिंगी टोपणाची १०० साठी असते. समजा, २० युनिट द्यावयाचे आहेत आणि १०० युनिटचे इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये २० च्या खुणेपर्यंत भरले, तर ०.५ मि.लि. म्हणजे प्रत्यक्षात ५० युनिट शरीरात जातील. उलट अदलाबदल झाल्यास केवळ ८ युनिट जातील. पहिल्या चुकीत रक्तशर्करा जीवघेणी घसरू शकते. येथे सूत्र कोठेही चुकलेले नाही. चुकली ती सिरिंजची निवड. युनिटसाठी केवळ इंग्रजी आद्याक्षर लिहिल्यास ते शून्यासारखे वाचले जाऊन १० चे १०० होतात, हाही धडा गणिताच्या प्रकरणात क्वचितच सापडतो.

अवटू ग्रंथीच्या विकारात दिल्या जाणाऱ्या लेव्होथायरॉक्सिनची गोळी मायक्रोग्रॅममध्ये मिळते. ०.०५ मिलिग्रॅमचा आदेश आणि २५ मायक्रोग्रॅमची गोळी असेल तर उत्तर दोन गोळ्या. दशांशचिन्ह एक घर सरकले की उत्तर वीस गोळ्या येते. एका वेळी वीस गोळ्या कशा द्याव्यात, हा प्रश्न ज्या विद्यार्थिनीला पडतो, तिला मात्रागणना समजली असे म्हणता येईल.

मज्जासंस्थेची औषधे :

कंपवातात लेव्होडोपा व कार्बिडोपा एकत्र दिले जातात. भारतीय बाजारातील '११०' ही गोळी म्हणजे १०० मिलिग्रॅम लेव्होडोपा अधिक १० मिलिग्रॅम कार्बिडोपा. २०० मिलिग्रॅम लेव्होडोपाचा आदेश असता सूत्रात ११० हा आकडा घातल्यास १.८ गोळ्या असे निरर्थक उत्तर येते. योग्य उत्तर दोन गोळ्या हे आहे. उपलब्ध मात्रेसाठी एकच रकाना ठेवणाऱ्या सूत्राला संयुक्त औषध पेलत नाही.

अपस्मारावरील फेनिटोइनचे उदाहरण अधिक बोलके आहे. सतत झटके येत असलेल्या ६० किलो वजनाच्या प्रौढ रुग्णास किलोमागे २० मिलिग्रॅम द्यावयाचे झाल्यास १२०० मिलिग्रॅम लागतील. १ मि.लि. मध्ये ५० मिलिग्रॅम या हिशेबाने ते २४ मि.लि. होतात. पाठ्यपुस्तकातील गणित येथे संपते, परिचारिकेची जबाबदारी मात्र येथून सुरू होते. शिरेतून देण्याचा वेग मिनिटाला ५० मिलिग्रॅमपेक्षा अधिक असता कामा नये, म्हणजे किमान २४ मिनिटे हवीत. अन्यथा रक्तदाब घसरतो, हृदयाची लय बिघडते. डेक्स्ट्रोजमध्ये औषधाचा साका बसतो, म्हणून साधे सलाईनच वापरावे लागते. शिवाय हे औषध पचविणारी यकृताची क्षमता मर्यादित असल्याने मात्रा थोडी वाढविली तरी रक्तातील पातळी अवाजवी वाढू शकते. गुणोत्तराचे गणित शरीरात सरळ चालत नाही.

समारोप :

प्रारंभी केवळ अंकगणित पक्के करावे, औषधांचे तपशील त्यात मिसळल्यास विद्यार्थिनी गोंधळतील, असा आक्षेप घेतला जाऊ शकतो. पहिल्या काही तासिकांपुरता तो ग्राह्य आहे. परंतु अध्यापन तेथेच थांबल्यास गोंधळ टळत नाही, तो वर्गातून वॉर्डात जातो. म्हणून प्रत्येक औषधगटाच्या प्रकरणाअखेरीस त्याच औषधांची उदाहरणे असावीत, ती भारतीय वेष्टनांवरील आकड्यांवर आधारलेली असावीत, आकडेमोडीपूर्वी उत्तराचा अंदाज लिहून घ्यावा आणि प्रश्नपत्रिकेत उत्तराइतकेच गुण 'ही मात्रा संभवनीय आहे का' या विवेचनास द्यावेत. संशयास्पद आदेशाविषयी डॉक्टरांना विचारणे हा उद्धटपणा नसून परिचर्येचे कर्तव्य आहे, हे बळ विद्यार्थिनीला वर्गातच मिळाले पाहिजे. उत्तरपत्रिकेत चुकलेल्या दशांशचिन्हाला एक गुण कमी होतो; रुग्णशय्येपाशी त्याची किंमत रुग्ण मोजतो.