रस्ता कोणाला द्यायचा?

मंडळी, माकणीत येऊन पुण्याच्या बसवर काय बोलायचे, असे काहींना वाटेल. पण धाराशिव-लातूरकडची पोरं हडपसरला, चाकणला कामाला आहेत, म्हणजे तिथला रस्ता तुमचाही आहे. आणि तुम्ही निम्न तेरणाच्या काठची माणसं. कालव्याचं दार हाताने फिरवायचं असो की बटणाने उघडणारं असो, टेलच्या शेतकऱ्याला पाणी केव्हा मिळतं? वरच्याने सोडलं तर. रस्त्याचंही तसंच. तीही वाटपाचीच वस्तू.

डिसेंबर २००६ मध्ये पुण्यात कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर बीआरटी सुरू झाली. म्हणजे बससाठी राखलेली मार्गिका. देशातला हा पहिला प्रयोग. ब्राझीलच्या कुरितिबात १९७४ पासून अशा बस धावतात. यात तंत्रज्ञान म्हणाल तर फार नाही: कठडे, थांबे, सिग्नल. अवघड होता तो त्यामागचा विचार. बसमध्ये साठ माणसं, मोटारीत एक. तर रस्ता आधी साठांना. एका माणसाला एक मत, हे तत्त्व आपण मतपेटीपुरतं मानतो. इथे ते डांबरावर उतरवायचं होतं.

ते टिकलं नाही. मार्गिकेत दुचाक्या शिरल्या, थांब्यापर्यंत पोचायला म्हाताऱ्या माणसाला गाड्यांतून वाट काढावी लागे. आखणीत चुका होत्याच, नाही कोण म्हणतो? पण चुका दुरुस्त करता येतात. पुढे नगर रस्त्यावर मार्गिका केली, तीही उखडायला घेतली. आमचं निदान असं, की मोटारवाल्याला 'जरा थांब' म्हणायची हिंमत कोणत्याच पक्षात नव्हती. बसचा प्रवासी ओरडत नाही. तो उशिरा पोचतो, एवढंच.

मग मेट्रो. ती वाईट आहे असं आम्ही म्हणत नाही. गाडी स्वच्छ, गारेगार. पण सगळ्या पक्षांना ती एकदम का आवडली, हे बघा. ती डोक्यावरून जाते नाहीतर जमिनीखालून. धावताना ती कोणाच्या वाट्याचा रस्ता मागत नाही. वाटपाचा वाद टाळायला आपण कोट्यवधी रुपये मोजले, असंही म्हणता येईल.

लँग्डन विनर या अमेरिकी विचारवंताने १९८० च्या एका निबंधात विचारलं होतं, की वस्तूंना राजकारण असतं का? न्यूयॉर्कजवळचे पूल मुद्दाम बुटके बांधले, म्हणजे बसने येणारे गरीब लोक समुद्रकिनाऱ्यावर पोचू नयेत, असा त्याचा दाखला. या दाखल्यावर पुढे बरेच आक्षेप आले. प्रश्न मात्र खरा आहे. आमच्या मते पुण्यात त्याची दुसरी बाजू दिसते: इथे वस्तू आणली ती राजकारण करावं लागू नये म्हणून.

तारखा बघा. मेट्रोचा पहिला टप्पा सुरू झाला ६ मार्च २०२२ ला. महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपली १४ मार्चला. योगायोगच तो. पण त्यानंतर जवळजवळ चार वर्षं शहरात निवडून आलेला एक नगरसेवक नव्हता, प्रशासक होते. तसं ॲप आहे. खड्ड्याची तक्रार करा, नंबर मिळतो. पण या रस्त्याचे किती फूट बसला आणि किती पायी चालणाऱ्याला, ही तक्रार कोणत्या रकान्यात भरायची? तिला सभागृहच लागतं. तिथे भांडण होतं, ठराव होतो, नाव लागतं.

उलट एसटीचं बघा. १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट झालं. नवं यंत्र नाही, नवी गाडी नाही, नुसता निर्णय. लेकीकडे जायला निघालेल्या बायकांनी गाड्या भरल्या. महामंडळाच्या हिशेबावर वाद घाला, जरूर घाला; पण वाद घालता येतो, कारण निर्णय कोणाचा ते माहीत आहे.

पुण्यात जानेवारी २०२६ मध्ये निवडणूक झाली, सभागृह पुन्हा भरलं. आता बसच्या मार्गिकेचा ठराव मांडणारा त्यात एक तरी निघतो का, हे हडपसरच्या तुमच्या पोरांना फोन करून विचारा. संध्याकाळी आठनंतर करा. त्याआधी ती बसमध्ये उभी असतात, हात मोकळा नसतो.