‘वैकुंठ’, ‘राज्य’ आणि ‘दरबार’ : मराठी ख्रिस्ती वाङ्मयांतील एका कल्पनेची चिकित्सा

फादर थॉमस स्टीफन्सकृत ख्रिस्तपुराणास मराठी वाङ्मयाच्या इतिहासांत आतां मानाचें स्थान मिळालें आहे. तथापि त्यावर लिहितांना ‘ईश्वरी राज्याविषयींचें ख्रिस्ती मत’ असा प्रयोग पुष्कळदां केला जातो. जणूं तें मत सर्वकाळीं व सर्व पंथांत एकच होतें. हा समज बरोबर नाहीं. एवढेंच नव्हे, तर त्यामुळें पोथ्यांच्या संपादनांतहि दोष शिरण्याचा संभव आहे. तो कसा, हें दाखविण्याचा प्रस्तुत टिपणाचा उद्देश आहे.

वादाचें मूळ शुभवर्तमानांतच आहे. मत्तय बहुधा ‘स्वर्गाचें राज्य’ म्हणतो. मार्क व लूक ‘देवाचें राज्य’ म्हणतात. योहानाच्या ग्रंथांत येशू आपलें राज्य या जगाचें नव्हे असें पिलातास सांगतो. लूकच्या सतराव्या अध्यायांत तें श्रोत्यांच्या ‘मध्यें’ असल्याचें म्हटलें आहे. आणि शिष्यांस शिकविलेल्या प्रार्थनेंत तें येवो अशी याचना आहे. लूकच्या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘अंतःकरणांत’ कीं ‘तुम्हां सर्वांच्या मेळ्यांत’ याविषयीं पंडितांचें एकमत नाहीं. मराठी ‘मध्यें’ हा शब्द दोन्ही अर्थ सहज वाहतो, हा आपल्या भाषेचा लाभच होय. ऑगस्टीननें पांचव्या शतकाच्या आरंभीं ख्रिस्तसभेलाच ख्रिस्ताचें विद्यमान राज्य म्हटलें. उलट योहानेस वाइस यानें १८९२ सालीं तें राज्य जगाच्या अंतीं केवळ देवाच्या कृतीनें यावयाचें असें प्रतिपादिलें. हार्नाकनें माणसाच्या अंतःकरणांतील ईश्वरी सत्तेवर भर दिला, तर डॉडनें १९३५ सालीं येशूच्या कार्यांतच तें राज्य येऊन पोंचलें असा पक्ष मांडिला. एका शब्दाच्या पोटीं इतके पंथ आहेत.

आतां मराठीकडे वळूं. स्टीफन्स १५७९ सालीं गोव्यास आला. त्याचें पुराण १६१६ सालीं राचोल येथें रोमन लिपींत छापून निघालें आणि १६४९ व १६५४ सालीं पुन्हा छापलें गेलें. सुमारें अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथांत स्वर्गासाठीं ‘वैकुंठ’ हा शब्द येतो. कोणी यांत धर्मप्रसाराचें आमिष पाहतात, कोणी समन्वयाची उदारता. आमच्या मतें दोन्ही निदानें घाईचीं आहेत. विचारावयाचा प्रश्न निराळा आहे : या शब्दानें कल्पनेचें काय झालें? वैकुंठास जावें लागतें, राज्य येतें. ‘वैकुंठ’ म्हटलें कीं मरणोत्तर गंतव्य असा लोक डोळ्यांपुढें उभा राहतो आणि ख्रिस्तसभा ही त्याची वाट ठरते. हें त्या काळच्या कॅथलिक शिकवणीशीं जुळणारें आहे. स्टीफन्सला प्रार्थनेंतील ‘येण्या’चा अर्थ ठाऊक नव्हता असें कोणी म्हणणार नाहीं, परंतु शब्दाचा ओढा दुसरीकडे आहे. त्यांतहि मराठी श्रोत्याच्या कानीं पंढरपूर हें ‘भूवैकुंठ’ असतेंच, म्हणून या शब्दाला इहलोकाचा स्पर्श अजिबात नाहीं असेंहि म्हणतां येत नाहीं.

एकोणिसाव्या शतकांत प्रॉटेस्टंट मिशनऱ्यांनीं बायबलाचीं भाषांतरें केलीं, तेव्हां ‘राज्य’ हा शब्द पुढें आला आणि येणारी सत्ता हा अर्थ वर आला. त्या सत्तेला जमीन लागते काय? याचें एक उत्तर आमच्या शेजारींच मिळतें. देवगाव फाट्यावरून मंठ्यामार्गें जालन्यास जातां येतें. त्या जालन्याजवळ रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनीं ‘बेथेल’ हें ख्रिस्ती गांव वसविलें. शेषाद्री जन्मानें ब्राह्मण. मुंबईस १८४३ सालीं त्यांनीं ख्रिस्ती दीक्षा घेतली व १८९१ सालीं ते वारले. ‘बेथेल’ म्हणजे देवाचें घर. गांवाची जमीन मात्र निजामाचे दिवाण सालारजंग यांच्या कृपेनें मिळाली. देवाच्या सत्तेखालीं समाज नव्यानें वसवितां येतो, हा त्या वसाहतीचा अर्थ आम्ही घेतों. पण तो प्रयोग ऐहिक राजसत्तेच्या दानपत्रावर उभा होता, ही अडचणहि नजरेआड करूं नये.

तिसरा शब्द नारायण वामन टिळकांचा. १८९५ सालीं बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीनें १९१७ सालीं मिशनचें बंधन सोडून साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापिला. त्यांत बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या, दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांस जागा होती. दरबार म्हणजे भूमि नव्हे आणि परलोकहि नव्हे. जेथें धनी बसला तेथें दरबार. १९१९ सालीं टिळक निवर्तल्यामुळें संस्था वाढली नाहीं; परंतु राज्याची सीमा म्हणजेच ख्रिस्तसभेची सीमा, या जुन्या समीकरणावर मराठींत झालेला इतका स्पष्ट आघात दुसरा आम्हांस ठाऊक नाहीं.

तात्पर्य, हे तीन शब्द पर्यायशब्द नव्हेत. तीं तीन भाष्यें आहेत. ख्रिस्तपुराणाच्या जुन्या छापील प्रती नष्ट झाल्या. सालढाणा यांची १९०७ सालची मंगळूरची आवृत्ति हस्तलिखितांवरूनच सिद्ध झाली, आणि लंडनच्या मार्सडेन संग्रहांतील देवनागरी पोथींत रोमन प्रतींतील परकीय संज्ञांच्या जागीं अनेक ठिकाणीं संस्कृत शब्द आढळतात. अशा स्थितींत ‘वैकुंठ’ खोडून ‘स्वर्ग’ लिहिणारा, किंवा सोयीसाठीं सर्वत्र ‘राज्य’ घालणारा संपादक केवळ शब्द बदलीत नाहीं. एका पंथाची साक्ष दुसऱ्याच्या तोंडीं घालतो. म्हणून संग्राहकांस विनंति अशी कीं, ख्रिस्ती पोथी, प्रार्थनापुस्तक वा भजनांची वही हातीं आल्यास लिपि, स्थळ व लेखनकाल यांबरोबर ईश्वरी राज्यासाठीं योजलेला शब्द जसाच्या तसा टिपून ठेवावा, आणि शुद्धीकरणाचा मोह आवरावा. पोथी कोणत्या मंडळींत वाचली जात होती, हें पुष्कळदां त्या एका शब्दावरूनच कळेल.

देवगाव फाटा, जि. परभणी