यील्ड म्हणजे री-एंट्री, पण निर्णय कोणाच्या हातात?

रियाध, जेद्दा किंवा दम्मामला राहत असाल, तर एक्झिट री-एंट्री आणि फायनल एक्झिट यांतला फरक तुम्हाला समजावायला नको. पहिल्यात इकामा चालू राहतो आणि मुदतीत परतलात की काम पुढे सुरू. दुसऱ्यात सगळा हिशेबच मिटतो. जावास्क्रिप्टच्या जनरेटर फंक्शनमध्ये साधारण तसंच आहे. यील्ड आलं की फंक्शन थांबतं, पण त्याचे व्हेरिएबल्स शाबूत राहतात. बाहेरून कोणीतरी नेक्स्ट बोलावलं की ते तिथूनच पुढे चालतं. रिटर्न झालं की संपलं.

भाषेत जनरेटर अधिकृतपणे आले २०१५ मध्ये. त्याआधीच, २०१३ मध्ये, 'को' नावाच्या छोट्या लायब्ररीने ते असिंक कामाला जुंपले होते. जनरेटरने यील्डमधून प्रॉमिस बाहेर द्यायचं, 'को'ने ते पूर्ण व्हायची वाट बघायची आणि उत्तर नेक्स्टमधून आत पाठवायचं. कॉलबॅकच्या जंजाळातून ही मोठी सुटका होती.

पण खाचखळगे होतेच. पहिल्या नेक्स्टला दिलेली किंमत हरवते, कारण ती घ्यायला आत अजून कुठलंच यील्ड थांबलेलं नसतं. फॉर-ऑफ लूपमध्ये रिटर्नची किंमत तुमच्यापर्यंत पोचतच नाही. फॉर-ईचच्या कॉलबॅकमधून बाहेरच्या जनरेटरसाठी यील्ड करता येत नाही. फायनली ब्लॉकमध्ये यील्ड असेल, तर बाहेरून रिटर्न बोलावूनही जनरेटर जिवंत राहतो. म्हणजे फायनल एक्झिटचा शिक्का बसला, तरी माणूस अजून काउंटरवरच!

२०१७ मध्ये असिंक-अवेट आलं आणि यातल्या बऱ्याच कटकटी आपल्या नजरेआड झाल्या. बहुतेक लोक याला निव्वळ प्रगती म्हणतात. मला ते अर्धवट वाटतं.

सौदीत मार्च २०२१ पासून खासगी क्षेत्रातल्या अनेक परदेशी कामगारांना री-एंट्री मालकाच्या संमतीशिवाय काढता येते. घरकामगार मात्र त्यातून वगळले गेले. त्या बदलात फॉर्म सोपा झाला हे महत्त्वाचं नव्हतं, निर्णय कोणाचा हे बदललं. भाषेच्या डिझाइनलाही हाच प्रश्न विचारा. जनरेटर स्वतः थांबू शकतो, पण त्याला पुढे चालवायचं की संपवायचं, हे बोलावणारा ठरवतो. असिंक फंक्शनमध्ये बोलावणाऱ्याच्या हाती फक्त प्रॉमिस येतं, आणि प्रॉमिसला 'थांब' म्हणता येत नाही. यूझर त्याच अ‍ॅपमधल्या दुसऱ्या पानावर गेला, तरी मागची कामं चालूच. म्हणून वेगळा अबॉर्ट कंट्रोलर आणावा लागला, आणि त्याचा सिग्नल तुम्हीच प्रत्येक फंक्शनपर्यंत पोचवायचा. रिडक्स-सागा जनरेटरला धरून राहिली, त्याचा एक मोठा फायदा हाच: चालू काम मधेच रद्द करता येतं.

२०१८ मध्ये असिंक जनरेटर आले, तेव्हा दोन्हींचा मेळ बसेल असं वाटलं होतं. पण आतलं अवेट अडकलं असेल, तर बाहेरून बोलावलेलं रिटर्न रांगेत उभं राहतं. ते अवेट कधीच सुटलं नाही, तर रद्द करण्याची विनंतीही कधीच पोचत नाही.

असिंक-अवेट सोडा, असं मी म्हणत नाही. रोजच्या कामाला तेच बरं. फक्त पुढचं अवेट लिहिताना एवढं बघा: हे अर्ध्यात थांबवायची वेळ आली, तर ते कोण थांबवणार?