पाटलाचा पगार कोण देत होतं? : ‘गावगाडा’ वाचताना

जुन्नर-आंबेगावचा इतिहास म्हटला की आपण शिवनेरीकडे बोट दाखवतो. ते साहजिकच आहे. १६३० साली शिवरायांचा जन्म तिथे झाला. पण गडाखालच्या गावांकडे बघा. निजामशाही गेली, मोगलाई आली, मराठेशाही आली, तरी गावात पाटील-कुलकर्णी आणि परगण्यात देशमुख-देशपांडे ही वतनं टिकून राहिली. यांना महिन्याचा पगार नव्हता. मग त्यांचं भागत कसं होतं?

इनाम जमीन होती, वसुलीतला वाटा होता. आणि वर रयतेकडून हक्कलाजिमा. तेल्यानं तेल द्यायचं, चांभारानं वर्षाचा जोडा, बाजारात धान्याच्या ढिगातून फसकी. होळीची पोळी, पोळ्याचा पहिला बैल हा मान वेगळाच.

या व्यवस्थेवर सभासदानं सतराव्या शतकाच्या अखेरीस, जिंजीला बसून लिहिलं. वतनदार गावांकडून भरमसाट घेत आणि सरकारात थोडंच भरत. महाराजांनी त्यांचे हक्क बांधून दिले, हुडे-वाडे पाडले, असं त्याची बखर सांगते. मोलाची साक्ष आहे ही. पण ती सिंहासनाजवळून दिलेली आहे. तिच्यातलं भांडण राजा आणि वतनदार यांचं आहे.

त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गावगाडा’ १९१५ साली आला. त्याचं मोठेपण हे की तो खळ्यावर उभा राहतो. रास घरी जाण्याआधी तिच्यातून किती जण सूप भरून नेतात, ते तो दाखवतो. मानपानाच्या गोडव्याखालचा हिशेब मराठीत इतक्या बारकाईनं क्वचितच कुणी मांडला असेल.

तरीही आमची एक तक्रार आहे. आत्रे मुलकी खात्यातले. वतनदार, बलुतेदार, अलुतेदार, फिरस्ते, सगळ्यांना ते शेतकऱ्याच्या पाठीवरचा भार म्हणून एकाच ताजव्यात तोलतात. इथे पुस्तक चुकतं. पाटलाचा हक्क वसूल करायला त्याच्या हातात सत्ता होती. महाराचं बलुतं म्हणजे वेसकरकी, सांगावे पोचवणं, सरकारी भरणा पोचवणं अशा रात्रंदिवसाच्या राबण्याचा मोबदला. आणि काम नाकारायची सोय नाही. दोन्हींना ‘वतन’ म्हटलं म्हणून दोन्ही सारखी होत नाहीत. डॉ. आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात महार वतनाबद्दल विधेयक मांडलं, ते नेमकं या जागी बोट ठेवणारं होतं. ही कनिष्ठ वतनं कायद्यानं संपायला पुढे १९५८ उजाडलं.

म्हणून आपल्या तालुक्यांतल्या गावांचे इतिहास लिहिताना ‘पाटलाचा मान’ एवढंच लिहून थांबू नये. पोळी कुणाच्या पिठाची, जोडा कुणाच्या हातचा, हेही त्याच पानावर लिहावं. ‘गावगाडा’ जरूर वाचा. फक्त वाचताना विचारत राहा, घेणारा कोण आणि राबणारा कोण.