मद्यगृहांतील गाऱ्हाणें आणि त्याचा जबाब

आमच्या जुन्या संगीत नाटकांच्या पुस्तकांत पदाच्या माथ्यावर 'चाल' म्हणून दुसऱ्याच एखाद्या गीताचे आरंभींचे शब्द छापलेले असत. चाल उसनी घेण्यांत कोणास कमीपणा वाटत नसे. ऐकणाराच्या कानांत ती आधींच रुजलेली असल्यामुळें नव्या शब्दांचें अर्धें काम आयतेंच होई. परंतु त्या जुन्या ओळखीच्याच बळावर एका गीतानें दुसऱ्यास भर सभेंत खोटें ठरवावें, हा प्रकार विरळा. अमेरिकेच्या दक्षिण भागांत वाढलेल्या आणि तिकडे 'कंट्री' या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या ग्रामीण संगीतांत तो १९५२ सालीं घडला.

ही चाल मुळांत कोणाची, या वादांत आम्ही शिरत नाहीं. कार्टर कुटुंबानें १९२९ सालीं तिच्यावर एक विरहगीत मुद्रित केलें. १९३६ सालीं रॉय ॲकफ यानें त्याच सुरांवर 'द ग्रेट स्पेकल्ड बर्ड' हें भजन गाइलें. बायबलांतील यिर्मयाच्या ग्रंथांत एका चित्रविचित्र पक्ष्यावर इतर पक्षी तुटून पडल्याचें रूपक आहे. भजनांत तो पक्षी म्हणजे छळ सोसणारें ख्रिस्तमंडळ. या भजनानें ॲकफचें नांव झालें, आणि नॅशव्हिलहून चालणाऱ्या 'ग्रँड ओल ओप्री' या रेडिओवरील साप्ताहिक जलशामुळें ती चाल भाविकांच्या घरांत देवाची चाल म्हणून जाऊन बसली.

इकडे देशांत दुसरेंच वारें वाहूं लागलें होतें. १९२० पासून चाललेली दारूबंदी १९३३ सालीं उठली, आणि टेक्सासांत तेलाच्या विहिरींवर राबणाऱ्या मजुरांसाठीं गांवाबाहेर, रस्त्याच्या कडेला गुत्ते उभे राहिले. यांनाच 'हाँकी-टाँक' म्हणत. तेथें प्यावयाचें, नाचावयाचें, आणि पेटींत नाणें टाकून हवी ती तबकडी लावावयाची. त्या गोंगाटांत ऐकूं जावें म्हणून विजेच्या गिटारी आल्या. आई, घर व प्रार्थनामंदिर यांच्या शेजारीं मद्य, बेइमानी आणि घटस्फोट हे विषय येऊन बसले. मद्यगीत म्हटलें कीं आमच्या वाचकांच्या डोळ्यांपुढें उमरखय्यामी थाटाचें मद्यस्तोत्र उभें राहील. येथें तसें नाहीं. या गीतांत मद्याची स्तुति फार थोडी; पेला हा समोर बसविलेला साक्षीदार, आणि त्याच्यापुढें गाऱ्हाणें चाललेलें.

अशा गाऱ्हाण्यांत अग्रपूजेचा मान 'द वाइल्ड साइड ऑफ लाइफ' या गीतास द्यावा लागेल. विल्यम वॉरन व आर्ली कार्टर यांनीं तें रचलें. जिमी हीप याच्या मंडळीनें १९५१ सालीं प्रथम मुद्रित केलें. गाजविलें मात्र हँक थॉम्प्सन या टेक्सासच्या गायकानें. त्याच्या तबकडीच्या दुय्यम बाजूस घातलेलें हें गीत १९५२ सालीं 'बिलबोर्ड' पत्राच्या कंट्री गीतांच्या यादींत १५ आठवडे अग्रस्थानीं होतें. चाल अर्थात् तीच. सोडून गेलेल्या बायकोस उद्देशून नवरा बोलतो आहे. तिला घराहून गुत्त्याचे दिवे प्रिय वाटले, याचें त्याला नवल वाटत नाहीं. अशा 'मद्यगृहांतील अप्सरा' परमेश्वरानेंच घडविल्या, असा त्याचा निकाल आहे. स्वतःच्या वागण्याविषयीं तो चकार शब्द काढीत नाहीं. गंमत अशी कीं, ज्या गुत्त्यानें घर मोडलें म्हणून तो रडतो, त्याच गुत्त्यांत नाणीं टाकून त्याचें रडणें ऐकलें जात होतें.

जबाब लुइझियानांतील जे. डी. मिलर यानें रचला. तो गाण्यास मिळाली किटी वेल्स ही बत्तीस वर्षांची, तीन मुलांची आई. तिचें खरें नांव म्युरिएल डीझन. नवरा जॉनी राइट हाहि गवई. तिच्या आधींच्या तबकड्या, त्यांत भजनेंहि होतीं, फारशा खपल्या नव्हत्या, आणि ती गाणें सोडण्याच्या विचारांत होती. ३ मे १९५२ रोजीं नॅशव्हिल येथें तिनें 'इट वॉझन्ट गॉड हू मेड हाँकी-टाँक एंजल्स' मुद्रित केलें, तें ठराविक १२५ डॉलर मेहनताना मिळतो एवढ्याचसाठीं, असें तीच पुढें सांगत असे. बंडखोरीचा आव तिच्या गळ्यांत शोधूनहि सांपडत नाहीं. आवाज सरळ, किंचित् नाकांतला, प्रार्थनेस उभ्या राहिलेल्या बाईचा. ती म्हणते, यांत परमेश्वराचा हात नाहीं. आपलें लग्न झालें आहे हें विसरणाऱ्या पुरुषांनीं हें केलें.

एन. बी. सी. या रेडिओसंस्थेनें गीत वर्ज्य ठरविलें. ओप्रीनेंहि आरंभीं मज्जाव केला. जे शब्द थॉम्प्सनच्या तोंडीं पंधरा आठवडे सर्वमान्य होते, तेच स्त्रीच्या तोंडीं अशिष्ट ठरले! तरीहि गीत सहा आठवडे अग्रस्थानीं राहिलें. त्या यादींत एकट्या गायिकेस हा मान पूर्वीं मिळालेला नव्हता.

येथें आम्हांस 'एकच प्याला'तील सिंधू आठवल्यावांचून राहत नाहीं. गडकऱ्यांनीं तिची महती तिच्या सोसण्यांत ठेविली. सुधाकरास दोष देण्याची मुभा तिला नाहीं. वेल्सच्या गीतांतील स्त्रीस ती मुभा आहे, पण तिचीहि मर्यादा आम्हांस दिसते. स्त्री बिघडली हा आरोप ती खोडून काढीत नाहीं; दोषाचा धनी तेवढा बदलते. शिवाय शब्द पुरुषानेंच लिहून दिलेले आहेत. निव्वळ काव्य म्हणून पाहतां हा जबाब साधारणच म्हणावा लागेल. त्याचें सामर्थ्य आहे तें चालींत. वादी ज्या सुरांत देवाचें नांव घेऊन दोष लावतो, ते सूर श्रोत्यांनीं भजनांत ऐकलेले होते. त्याच सुरांत, भजनाच्याच गळ्यानें, देवास या प्रकरणांतून सोडवा असें कोणी म्हटलें, म्हणजे वाद्याची बाजू शब्दांनीं ढळण्याआधींच कानांत ढळते. थॉम्प्सनचें गीत त्यानंतर पुन्हा पूर्वींसारखें ऐकणें कठीण आहे. आम्हांस तरी तें जमलेलें नाहीं.

स्वतः लिहून स्वतः जबाब देणारी स्त्री पुढें आली ती लॉरेटा लिन. आपल्या बहिणीसह रचलेलें तिचें गीत १९६७ सालीं अग्रस्थानीं पोहोंचलें. त्यांत पिऊन घरीं येणाऱ्या नवऱ्यास ती शय्येपासून दूर राहण्यास बजावते. गुत्त्यांतील वाद तिनें घराच्या उंबऱ्यावर आणला. हीच लिन डॉली पार्टन व टॅमी वायनेट यांच्यासह १९९३ सालीं एका संग्रहासाठीं गावयास उभी राहिली, तेव्हां वेल्सचें जुनें गीत त्यांनीं निवडलें, आणि सत्तरी ओलांडलेल्या वेल्सबाईंना आपल्याबरोबर गावयास बोलाविलें.